अडुळशाची कनात

आबाजीपंतांचं जगाकडे एकच मागणं होतं. आपण आंबा खात असताना कुणी बघू नये.

ऐकायला हे फार मोठं वाटत नाही. पण पंतांचं घर सदाशिव पेठेत, हौदाकडे जाणाऱ्या बोळात होतं. कात्रजचं पाणी त्या हौदात पडे आणि निम्मी पेठ घागरी घेऊन पंतांच्या परसाला खेटून जाई. डोक्यावर भरली घागर असली म्हणजे मान वळवता येत नाही, असा माझा समज होता. तो आमच्या बोळातल्या बायकांनी खोटा ठरवला. पंत दात घासत असोत की धोतर वाळत घालत असोत, येणारी-जाणारी थांबे, चौकशी करी आणि मगच पुढे सरके. "पंत, आज उठायला उशीर झाला वाटतं?" "पंत, हे धोतर गेल्या वर्षीचंच ना?" चौकशीत वाईट काही नसे. फक्त ती कधी संपत नसे.

मी त्यांचा शेजारी. पुराण सांगणं हा माझा पेशा आणि आवाज ही माझी सगळी मिळकत. आमच्या परसांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा दगडी बांध होता, त्यामुळे पंत मलाही दिवसभर दिसत. पण मला ते बघणाऱ्यांत धरत नसत. "बुवा, तुम्ही बघता कुठे? तुम्ही नुसते बोलता," असं ते म्हणत. हा माझा मान की अपमान हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

पंतांची उमेदीची सगळी वर्षं छावणीत गेली. सरकारी फौजेबरोबर दाणावैरणीचे कारकून म्हणून ते मुलूखभर हिंडले होते. छावणीतल्या कारकुनाच्या घराला भिंत नसते, कनात असते, आणि ती कापडाची भिंत ज्याला वाटेल त्याने वर उचलावी. अशाच एका मुक्कामावर कुणीतरी पाठवलेली रायवळ आंब्यांची टोपली पुढे घेऊन पंत तंबूत बसले होते. रायवळ आंबा सभ्यपणे खाता येत नाही. अंगरखा काढावा लागतो, धोतर आवरावं लागतं, आणि तरी रस कोपरापर्यंत जातोच. ऐन त्या घटकेला एका सरदाराने वैरणीची चौकशी करायला म्हणून कनात उचलली. मागे त्याची माणसं होती. सरदार हसला, माणसं हसली आणि दिवस मावळेपर्यंत छावणी हसत होती. पुढे कित्येक मुक्काम लोक पंतांशी बोलताना त्यांच्या कोपरांकडे बघत असत.

त्या दिवसापासून पंतांनी चारचौघांत आंबा खाल्ला नाही. घरी परतल्यावर एक जागा अशी करायची की जिथे बसून कोपरापर्यंत आंबा खावा आणि देवाखेरीज कुणाला कळू नये, हे त्यांनी छावणीतच ठरवून टाकलं होतं. आणि कुणी घरगुती प्रश्न विचारू लागला की ते एकच वाक्य म्हणत: "कनात खाली सोडा." जावई कसे आहेत, कनात खाली सोडा. गुडघा दुखतो का, कनात खाली सोडा. राधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं तरी क्वचित हेच उत्तर येई. मग काकू मीठ वाढत नसत.

छावणीने त्यांना आणखी एक खोड लावली होती. माणसाची पारख ते घोड्याच्या चंदीवरून, म्हणजे रोजच्या दाण्यावरून, करत. कामाचा माणूस दिसला की "याला दुप्पट चंदी," आणि आळशी दिसला की "याची चंदी बंद." माझ्याबद्दल त्यांचं मत असं होतं की खाणं हत्तीचं, चाल बैलाची आणि खिंकाळणं मात्र अरबी. पुराणाला ते नेमाने येत, पुढच्या खांबाला टेकून झोपत आणि संपल्यावर सगळ्यांच्या आधी "छान झालं" म्हणत.

तर जागा. परसात चिंचेखाली एक दगड होता, तोच त्यांनी मुक्रर केला. बोळाच्या बाजूने भिंत घातली की काम झालं असतं. पण कात्रजच्या पाण्याचा नळ नेमका त्या कडेने जमिनीखालून जात होता. नळाला वारा मिळावा म्हणून बांधलेला एक उच्छ्वासही त्यांच्याच परसात होता. तिथे पाया खणायला सरकारची मनाई होती. मोठं झाड लावायचीही चोरी, कारण मुळं नळात शिरतात. राहिलं कुंपण, आणि तेही बाराही महिने हिरवं राहणारं. शिशिरात पानं गाळणारं कुंपण म्हणजे, पंतांच्या शब्दांत, ऐन थंडीत उसवलेला तंबू.

पहिल्यांदा त्यांनी मेंदी लावली. ती कमरेला यायच्या आत श्रावण आला आणि आळीतल्या मुलींनी ती हातांवर नेली. मग कण्हेर लावली. तिची फुलं कळ्या असतानाच देवांकडे गेली, आणि देवांना पंत काय बोलणार? तेव्हा त्यांनी ओटीवर बसून शांतपणे विचार केला आणि निष्कर्ष काढला की लोकांना ज्याचा उपयोग आहे ते टिकत नाही. आपल्याला असं झुडूप हवं की जे गुरं खाणार नाहीत, मुली लावणार नाहीत आणि देव मागणार नाहीत. जगाच्या कुठल्याच उपयोगाचं नाही असं.

लोणी काळभोरला पंतांची थोडी जमीन होती, ती रखमाजी करत असे. त्याने अडुळसा सुचवला. "बांधावर हाय आमच्या. बारा म्हैने हिरवा ऱ्हातो. शेळी तोंड लावत न्हाई बगा." पंत ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी फांद्यांबरोबर एक शेळीही मागवली. रखमाजी दोन्ही गाडीत घालून घेऊन आला. शेळीला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. पंतांनी अडुळशाची हिरवीगार डहाळी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला, एकदा पंतांकडे बघितलं आणि मान फिरवली. मग पंतांचं उपरणं खायला घेतलं. पंतांना उपरण्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी काकूंकडून गूळ मागवून स्वतःच्या हाताने शेळीला भरवला, आणि जाताना तिला "दुप्पट चंदी" असं रखमाजीला बजावून सांगितलं.

अडुळशाची निवड करताना पंतांची एक चूक झाली. ती चूक फक्त तेच करू शकत होते, कारण त्यांना जन्मात कधी खोकला झाला नव्हता. छावणीत सगळे खोकायचे, पंत नाही. ज्याने कधी काढा घेतला नाही त्याच्या लेखी अडुळसा म्हणजे शेळीने नाकारलेलं झुडूप. मला हे त्याच दिवशी सांगता आलं असतं. पण मी सांगायला तोंड उघडलं तर पंत म्हणाले, "बुवा, शेळीने निकाल दिला आहे."

आषाढात फांद्या रोवल्या. पंत रोज स्वतः पाणी घालत, आणि वाढ स्वतःच्या देहावर मोजत. कुंपण गुडघ्याला आलं तेव्हा त्यांनी मला बांधावरून हाक मारून सांगितलं. मांडीला आलं तेव्हाही. कमरेच्या पुढे गेल्यावर मला नवीन काम लागलं. पंत दगडावर जाऊन बसत आणि मी बोळात जाऊन उभा राहायचं.

"बुवा, काय दिसतं?"

"पागोटं."

"आणखी?"

"पागोट्याखाली तुम्ही."

मग आतून आवाज येई, "पुढच्या महिन्यात बघू."

तिसऱ्या वर्षी कार्तिकात कुंपण खांद्यापार गेलं. पानं लांब, दाट, एकात एक गुंतलेली. मी बोळातून बघितलं तर नुसत्या पागोट्याचा शेंडा. येत्या वैशाखात आंबा, असं पंतांनी जाहीर केलं. आणि मार्गशीर्षात थंडी पडली आणि पेठ खोकू लागली.

एका सकाळी पंत परसात गेले तर कुंपणाच्या नुसत्या काड्या उभ्या. हात पोचेल तिथपर्यंत पान नाही. पंतांनी पहिला आळ शेळीवर घेतला. ते रखमाजीला निरोप धाडायला निघाले तेव्हा काकूंनी अडवलं. "शेळ्या नव्हेत. पहाटे सोनारांची सगुणा येऊन गेली, सासऱ्यांना रात्रभर खोकला. मग तिची जाऊ आली, मग समोरचे आले. मीच मध दिला प्रत्येकाला. नुसता रस कसा घेतील?" पंत खाली बसले. "लोक हे खातात?" असं त्यांनी विचारलं. इतकं कळवळून विचारलं की मला हसू आवरेना.

त्यानंतर पंत पहाटेपासून परसात ठाण मांडून बसू लागले. कुंपणाला हात लागला की आतून तोफ सुटायची. "ओरबाडा, ओरबाडा. मुळं तेवढी ठेवा, उद्या सासूबाईंना लागतील." "या पानाने खोकला जाईल, अक्कल येणार नाही. त्याचं झाड वेगळं." "घोडा असतास तर आज चंदी बंद केली असती." लोक निमूटपणे ऐकत, पानं घेत आणि मागच्या दाराने काकूंकडे मधाला जात. समोरून शिव्या आणि मागून मध अशी त्या घराची व्यवस्थाच लागून गेली. मीही त्या रांगेत असे. पुराणाच्या सप्ताहात माझा घसा बसला की मी बांधावरून सरळ हात घालून पानं तोडी आणि माझ्या वाट्याचं ऐकून घेई.

याहून वाईट पुढेच होतं. एकदा पंत लोणीला गेले असताना सगुणाने पानं नेली आणि सासऱ्यांना गुण आला नाही. पंत परतल्यावर तिने पुन्हा पानं नेली, रीतसर बोलणी खाल्ली, आणि म्हातारा दोन दिवसांत मोकळा झाला. आता थंडी उतरली होती की काय, हे कुणी बघितलं नाही. पेठेत ठरून गेलं की पंतांनी झाडल्याखेरीज अडुळसा लागू पडत नाही. मग लोक मुद्दाम पंत असताना येऊ लागले. कुणाला कमी बोलणी मिळाली तर तो रेंगाळे. एका गृहस्थांनी तर "पंत, मला कालचंच सांगितलंत, आज खोकला जास्त आहे," अशी तक्रार केली.

पंतांनी डोकं लढवलं. हौदाजवळ स्वखर्चाने अडुळशाचं एक वेगळं झुडूप लावलं, त्याला आळं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे तुमचं, हवं तेवढं न्या. ते झुडूप इतकं माजलं की दोन माणसांच्या कवेत मावेना. त्याचं एक पान कुणी तोडलं नाही. फुकटचं आणि बोलण्यावाचूनचं औषध घेण्याइतकी आमची पेठ भोळी नाही. पंत येता-जाता त्या झुडपाकडे असे बघत की मला त्यांची दया येई. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. दर पावसाळ्यात कुंपण भरे, दर थंडीत उघडं पडे, आणि दर वैशाखात पंत आंब्यांची टोपली माजघरात नेऊन, दार लावून, अंधारात आंबा खात. माजघरात लपून आंबा खाणं म्हणजे अजून छावणीतच असणं, असं ते म्हणत.

मग एका पौषात पंत खोकले.

पहिला खोकला मी बांधापलीकडून ऐकला आणि कुणी पाहुणा आला असेल असं मला वाटलं. घरात कुणाचा विश्वास बसेना. काकूंनी त्यांच्याच कुंपणाची पानं खुडून रस काढला, मध घातला आणि पुढे केला. पंतांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाले, "बुवा, हे इतकं कडू आहे? आणि यासाठी हे लोक माझ्याकडून बोलून घेतात?" खोकला महिनाभर मुक्कामाला होता. तो गेला तेव्हा पंतांचा आवाज घेऊन गेला. उरली ती नुसती कुजबूज, कान ओठांशी नेला तर ऐकू येणारी.

त्या खोकल्यापासून कुंपणाला बाहेरच्या कुणी हात लावला नाही. आळीने आपसांत ठरवलं होतं की पानं पंतांना लागतील. शिवाय बोलणारच कुणी नव्हतं. वैशाखात कुंपण पंतांच्या डोक्यावर गेलं आणि त्याला सुई जाईल एवढी फट उरली नाही. मी ते बघून खूश झालो. त्यांनी आयुष्यभर मागितलेली गोष्ट त्यांना मिळाली होती, आणि ती मिळालेली मला बघायची होती.

एका दुपारी काकूंनी परसात दगडाशेजारी आंब्यांची टोपली ठेवली. पंत अंगरखा काढून बसले. मी सवयीने बोळात गेलो. आतून काही विचारलं गेलं नाही, म्हणून मीच ओरडलो, "पंत, काहीसुद्धा दिसत नाही!" आणि परत येऊन बांधावर बसलो. मला बघण्याची परवानगी होती, कारण मी बघत नाही असं त्यांचं मत होतं.

पंतांनी आंबा घोळून मऊ केला, देठाकडून चोखला. रस मनगटावरून उतरला, कोपरापर्यंत गेला. पंतांनी तो पुसला नाही. पहिला आंबा संपला. दुसरा त्यांनी नुसता हातात धरला.

"गोड आहे?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला.

"बुवा, लोक हल्ली हौदावर जात नाहीत का?"

"जातात की."

"मग बोलत का नाहीत?"

मला खरं सांगावं लागलं. तुमची झोप मोडू नये म्हणून बोळाच्या तोंडाशीच बायका बोलणं थांबवतात, घागरीवर घागर आपटू देत नाहीत, आणि तुमचं कुंपण संपलं की मग पुन्हा सुरू करतात. हे मी त्यांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितलं.

"छावणीत असं कधी होई ठाऊक आहे?" ते कुजबुजले. "आत कुणी मोठा माणूस जायला टेकला की. कनात खाली, आणि बाहेर सगळे पायांचा आवाज न करता चालायचे." मग म्हणाले, "मला हे नको, बुवा."

मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बोळात एक लहान पोर खोकलं. आंबे खाऊन पोरांना होतो तसला, ओला खोकला. पाठोपाठ त्याला गप्प करणारी सगुणा ऐकू आली. ती कुंपणापाशी क्षणभर थांबली आणि पान न तोडता पुढे निघाली.

पंत उठले. आजारपणानंतर इतके चटकन उठलेले मी त्यांना बघितलं नव्हतं. त्यांनी कुंपणात दोन्ही हात घातले आणि छातीच्या उंचीवरच्या फांद्या कडाकड मोडल्या. इतकी वर्षं पाणी घालून वाढवलेल्या फांद्या. मूठभर पानं ओरबाडली आणि पडलेल्या भोकातून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत आंब्याच्या रसाने माखलेला.

सगुणा परत फिरली. तिने पानं घेतली. पण ती गेली नाही. पोराला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिली.

"पंतकाका," ती म्हणाली, "बोला ना काहीतरी."

पंतांनी तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून खूण केली, तुम्ही बोला.

मी आयुष्यात हजारो श्रोत्यांपुढे बोललो आहे, पण त्या दिवसाइतका घाबरलो नव्हतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हे साध्वी, परक्याच्या उपवनातील पल्लव..." पंतांनी कपाळाला रसाचा हात लावून घेतला. माझा कान ओढून ते कुजबुजले, "पुराण नको. म्हणा, आलात का टोळधाडीसारखे." मी म्हणालो. "मोठ्याने." मी मोठ्याने म्हणालो. "म्हणा, पोराला आंबे खाऊ घालताना अक्कल कुठे गेली होती? म्हणा, घरातल्या सगळ्यांची चंदी बंद करा." ते कानात सांगत होते आणि मी कुंपणाच्या या बाजूने माझ्या पुराणिकी आवाजात पेठेला ऐकू जाईल असं झाडत होतो. बोळात घागरी थांबल्या. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सगुणा हसत होती आणि डोळे पुसत होती. "आता लागू पडेल," असं म्हणून ती गेली. पंतांनी दुसरा आंबा तिथेच, त्या भोकासमोर उभं राहून खाल्ला.

ते भोक मग त्यांनी भरू दिलं नाही. नवी डहाळी आली की खुडून ज्याला हवी त्याला देत, आणि पानामागची बोलणी माझ्याकडून वदवून घेत. माझं बोलणं सुधारत चाललं आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. अजून दुप्पट चंदीला मी पात्र नव्हतो.

ज्येष्ठ सरता सरता मी चातुर्मासाच्या पुराणासाठी परगावी निघालो. त्याच चातुर्मासात पंत गेले, आणि मला ते परतल्यावर कळलं. म्हणून माझ्याजवळचे शेवटचे पंत आहेत ते निघण्याच्या सकाळचे. खांद्याला पोथ्यांचं गाठोडं लावून मी बोळातून चाललो होतो. मोसमातले शेवटचे आंबे घरोघर आले होते. भोकातून नेहमीसारखा हात बाहेर होता, आणि त्यात अडुळशाची जुडी. मी जवळ गेलो तेव्हा आतून कुजबूज ऐकू आली.

"बुवा, काय दिसतं?"

"हात दिसतो, पंत. कोपरापर्यंत रस आहे."

"दिसू द्या," ते म्हणाले, आणि मला प्रवासात लागतील म्हणून ती पानं त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी पुढे जाईना. तिथेच उभा राहिलो, तेव्हा पंतांना कळलं मी कशासाठी थांबलो आहे ते. त्यांनी भोकाला तोंड लावलं आणि उरलासुरला सगळा आवाज गोळा करून मला सांगितलं की खाणं हत्तीचं असलं तरी चाल बैलाची आहे, तेव्हा उन्हाच्या आत निघा.